धागा: गोव्याच्या पावसाळ्यात एकमिया कशी जगवावी (कुजणं, मोरचूद, ऑक्टोबरचं ऊन, डास)

पोरसूकार (धागाकर्ता)

नर्सरीत 'ब्रोमेलियाड' म्हणून जी झाडं विकायला असतात त्यांत गुझमेनिया, व्रीसिया, निओरेगेलिया आणि एकमिया या चार प्रजाती मुख्य. गोव्याच्या उकाड्यात गुझमेनिया बहुतेकदा एका फुलोऱ्यापुरतीच राहते. एकमिया मात्र इथे वर्षानुवर्षं टिकू शकते, म्हणून हा धागा फक्त तिच्यासाठी.

थोडी ओळख. ही अननसाच्या कुळातली प्रजाती, आणि अननसाच्याच उपकुळातली. रुइझ आणि पावोन या वनस्पतिशास्त्रज्ञांनी १७९४ साली तिचं वर्णन केलं. मेक्सिकोपासून दक्षिण अमेरिकेपर्यंत आणि कॅरिबियन बेटांवर तिच्या अडीचशेच्या आसपास जाती आहेत, आणि ब्राझीलमध्ये त्या सर्वांत जास्त. आपल्या रानात या कुळाचं एकही झाड मूळचं नाही. अख्खं कूळ अमेरिकेचं, अपवाद पश्चिम आफ्रिकेतल्या एका जातीचा. अननस आपल्याकडे पोर्तुगीजांनी आणला, आणि एकमिया तर बागशौकीनांमुळे अलीकडेच आली.

बहुतेक जाती झाडांच्या फांद्यांवर किंवा खडकांवर वाढतात. पानांचा पेला होतो, त्यात पाणी साठतं आणि पानांवरची बारीक पांढरी खवल्यांची पूड ते पाणी आणि त्यातलं अन्न शोषून घेते. मुळांचं मुख्य काम धरून ठेवण्याचं. हे एकदा डोक्यात बसलं की लागवडीचे नियम आपोआप सुचतात.

लाल माती अजिबात नको. जून-जुलैत ती चिखल होऊन बसते आणि मुळांना हवा मिळत नाही. मिश्रण असं: नारळाच्या सोडणाचे (बाहेरच्या काथ्याच्या सालीचे) बोटाच्या पेराएवढे तुकडे २ भाग, लाकडी कोळसा १ भाग, फुटक्या मंगळुरी कौलांचे तुकडे १ भाग. कुंडी लहानच घ्या, फॅसिआटा या नेहमीच्या जातीला ६ इंची पुरते. उंच पेला आणि हलकं मिश्रण, त्यामुळे कुंडी कलंडते, म्हणून तळाला चिऱ्याचे दोन-तीन जड तुकडे टाका. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे खालची पानं जिथून फुटतात तो सांधा मिश्रणाच्या वर राहिला पाहिजे. झाड डुलतंय म्हणून खोल पुरलं तर बुंधा कुजणार. आधाराला काठी लावा आणि मुळं धरली की काढून टाका.

म्हापसा_गच्ची

नेमक्या कुठल्या जाती घ्याव्यात? गच्चीवर दुपारी ३ पर्यंत कडक ऊन असतं, आणि खालच्या बाल्कनीत फक्त सकाळचा उजेड.

पोरसूकार

गच्चीला ब्लांचेटियाना, बाल्कनीला फॅसिआटा.

फॅसिआटा म्हणजे चंदेरी पट्ट्यांच्या पानांची, गुलाबी तुऱ्याची, सगळीकडे दिसते ती. मूळची रिओ दी जानेरोच्या बाजूच्या डोंगरांतली. तिला भरपूर उजेड हवा, पण दुपारचं ऊन नको. ५० टक्क्यांची शेडनेट किंवा पूर्वेची बाल्कनी बरोबर. सावली फार गडद झाली तर पानं लांब आणि लुळी होतात, पट्टे पुसट होतात. पानावरची पांढरी पूड म्हणजे धूळ नव्हे, ती पुसू नका आणि पान चमकवणारं तेल लावू नका. पुसलेली पूड त्या पानावर परत येत नाही.

ब्लांचेटियाना ब्राझीलच्या किनाऱ्यावरच्या वाळूतली. सावलीत ती नुसती हिरवी राहते, उन्हात नारिंगी-तांबडी होते. रंगासाठी खत घालत गेलात तर उलट हिरवीच होईल. ती मोठी होते, पानं जवळपास मीटरभर आणि फुलोरा त्याहून उंच, तेव्हा जागा बघून लावा.

चिरेखण

ब्लांचेटियानाबद्दल एक भर. खाऱ्या वाऱ्याला ती चांगली तोंड देते, म्हणून हरमल-मोरजीपासून पाळोळेपर्यंत समुद्रकाठच्या घरांना तीच योग्य. तिथे फॅसिआटाच्या पानांची टोकं जळतात. मात्र वारा खारा चालला तरी पेल्यातलं पाणी खारं चालत नाही. किनाऱ्यालगतच्या बावींचं पाणी एप्रिल-मेमध्ये मचूळ होतं. पाणी पेल्यात आटत जातं आणि मीठ मागे राहतं, पानाच्या आत पांढरी वळी दिसायला लागतात. टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारं यंत्र) घ्या. आकडा २०० च्या खाली असेल तर बिनधास्त, ५०० च्या वर असेल तर ते पाणी पेल्यात नकोच.

पागोळ्यांचं पाणी पिंपात धरून ठेवणं उत्तम, पण कौलांवरचं. जस्ताच्या पत्र्यावरून आलेलं पाणी टाळा, जस्तही या कुळाला सोसत नाही.

काणकोण_कुळागर

जस्ताचा विषय निघालाच आहे तर तांब्याचा नीट मांडतो, कारण गोव्यात एकमिया मरण्याचं हे मोठं कारण आहे आणि ते कोणाच्या लक्षात येत नाही.

ब्रोमेलियाडना तांबं म्हणजे विष. कुळागरात, म्हणजे सुपारीच्या बागेत, पोफळीवर कोळेरोगासाठी (सुपाऱ्या कुजण्याचा रोग) बोर्डो मिश्रण मारतात: १ किलो मोरचूद (तांब्याचा क्षार), १ किलो चुना, १०० लिटर पाणी. पहिली फवारणी पाऊस सुरू होण्याच्या तोंडावर, दुसरी साधारण ४० ते ४५ दिवसांनी. पोफळीखालची सावली एकमियाला अगदी मानवते, म्हणून लोक नेमक्या तिथेच कुंड्या मांडतात. मग फवारणीचे थेंब पेल्यात पडतात, आणि त्यानंतर प्रत्येक सरीबरोबर घडांवरचं, झावळ्यांवरचं तांबं थेंबाथेंबाने पेल्यात उतरत राहतं. साध्या झाडाच्या पानावरून ते वाहून जातं, इथे पेला ते साठवून पाजतो.

लक्षणं: आधी कोवळ्या पानांची टोकं काळपट, मग मधला कोंब तपकिरी आणि शेवटी गाभा सुटतो. लोकांना वाटतं पावसाने कुजलं, म्हणून ते कॉपर ऑक्सिक्लोराइड, म्हणजे तांब्याचंच बुरशीनाशक, आणून ओततात आणि उरलंसुरलं झाड त्यानेच मरतं.

काय करायचं ते क्रमाने:

फवारणीच्या आदल्या दिवशी कुंड्या पोफळीखालून काढा. नुसतं झाकून चालत नाही, कारण खरा त्रास नंतरच्या ठिबकण्याचा. दोन्ही फवारण्या होऊन चांगले जोरदार पाऊस पडून जाईपर्यंत त्या दुसरीकडे ठेवा. सोप्यावर, बल्कावावर (घरापुढच्या बैठकीच्या ओट्यावर), आंब्याखाली, कुठेही चालेल.

जी झाडं हलवता येत नाहीत त्यांच्यावर वाशांचा तिरका आडोसा करून प्लास्टिक ताणा, पाणी बाजूला पडेल असं.

फवाऱ्याचा तोच पंप एकमियाला खत द्यायला वापरू नका. कितीही धुतला तरी नळीत तांबं राहतं.

झाड बांधायला तांब्याची तार नको, पेल्यात पाणी घालायला तांब्याचा तांब्या नको.

फोंड्याची_माळीण

फवारणी पडूनच गेली असेल तर? आमच्या भागात शेजारच्या कुळागरातलं फवारणीचं धुकं वाऱ्याबरोबर येतं, आधी कळत नाही.

काणकोण_कुळागर

ताई, त्याच दिवशी धुतलंत तर बहुधा वाचतं. कुंडी उलटी धरून पेला रिकामा करा. मग पाइपने प्रत्येक पानाच्या बेचक्यात धार सोडा, परत उलटी करा. असं तीनदा. कुंडीतल्या मिश्रणावरही भरपूर पाणी सोडा. नंतर आठवडाभर पेला कोरडाच ठेवा आणि झाड छपराखाली. टोकं काळी पडली तरी गाभा घट्ट असेल तर घाबरू नका. काळा भाग कात्रीने निमुळता कापा.

गाभा गेला तरी झाड उपटू नका. बुंध्याला पिल्लं येण्याची शक्यता राहते.

सांगे_माड

सोडणाबद्दल थोडं वेगळं मत. गोव्याच्या पावसात २ भाग सोडण जास्त होतं. उघड्यावर ठेवलेल्या कुंडीत सोडण जून ते सप्टेंबर सतत ओलं राहतं, दुसऱ्या वर्षी त्याचा भुगा होतो आणि मग तो मातीसारखाच वागतो. उघड्यावर असेल तर उलटं करा: कौलाचे तुकडे २, कोळसा १, सोडण १. छपराखाली असेल तर वरचं प्रमाण ठीक.

आणखी एक, सोडण कुठलं आहे ते बघा. काथ्यासाठी खाजणात (खाऱ्या पाण्याच्या सखल जमिनीत) किंवा नदीकाठी कुजवलेल्या सोडणात मीठ असतं. ताज्या सोडणातही क्षार आणि तपकिरी रंगाचं कषाय असतं. तुकडे बादलीत भिजवा, रोज पाणी बदला. पाणी जवळजवळ स्वच्छ दिसायला लागलं की वापरा, त्याला साधारण चार-पाच दिवस लागतात.

पोरसूकार

हे मान्य. उघड्यावरच्या कुंड्यांसाठी सांगे_माड यांचं प्रमाण घ्या. माझं प्रमाण छपराखालच्या कुंड्यांचं.

नर्सरीतून येणारी झाडं बहुतेक बारीक कोकोपीटमध्ये ठासलेली असतात. ते बाल्कनीत उन्हाळाभर चालेल, पण मिरगाच्या आत बदला. कोकोपीट नुसतं झाडून काढा, मुळांना चिकटलेलं थोडं राहिलं तरी हरकत नाही.

वास्को_बाल्कनी

पेल्यात पाणी भरून ठेवायचं म्हणता, पण इमारतीत डेंग्यूची भीती असते. सोसायटीवाले कुंड्या हलवा म्हणतात. यावर खरा उपाय आहे का?

चिरेखण

आहे, आणि सोसायटीवाल्यांची काळजी रास्त आहे. एडिस डास असल्याच साठलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो.

उष्ण हवेत अंड्यापासून डास व्हायला साधारण ७ ते १० दिवस लागतात, म्हणून दर पाचव्या दिवशी पेला धुवायचा. नुसती कुंडी तिरकी करून पाणी सांडणं पुरत नाही. बाहेरच्या पानांच्या बेचक्यांत पाणी तसंच राहतं, अळ्या तिथे तळाशी बसतात आणि अंडी पाण्याच्या रेघेवर पानाला चिकटलेली असतात. पाइपला बोट लावून धार बारीक आणि जोराची करा, प्रत्येक बेचक्यात मारा, मग ताजं पाणी भरा. ही धुलाई झाडालाही चांगली, साठलेले क्षार आणि कुजलेला पाला निघून जातो.

झाडं पुष्कळ असतील तर बीटीआय घ्या. तो जिवाणू डासाच्या अळ्या मारतो, झाडाला आणि पेल्यात येऊन बसणाऱ्या बेडकांना काही होत नाही. मात्रा पाकिटावरची.

रॉकेल, खायचं तेल, फिनेल यांतलं काहीही पेल्यात टाकायचं नाही. तेलाचा तवंग खवले बुजवतो आणि पान शोषणच थांबवतं.

डेंग्यूची साथ जोरात असेल तर सरळ पेला रिकामा ठेवा. मुळांना आठवड्यातून दोनदा पाणी दिलं तरी एकमिया कित्येक आठवडे बिनपाण्याच्या पेल्याने राहते. वाढ मंदावते, मरत नाही.

फोंड्याची_माळीण

नीम तेलही नको का मग? खवले कीड आणि पिठ्या ढेकूण दोन्ही लागतात, विशेषतः मुंग्या चढायला लागल्या की.

चिरेखण

फॅसिआटावर नको, पूड असलेल्या पानावर डाग राहतात. मऊ टूथब्रश सौम्य साबणाच्या पाण्यात बुडवून पानाच्या खालच्या बाजूची कीड घासून काढा, तासाभराने साध्या पाण्याने धुवा. ब्रश फक्त कीड असेल तिथेच. गुळगुळीत हिरव्या पानांच्या फुल्जेन्ससारख्या जातींवर पातळ नीम चालतं, पण संध्याकाळी, आणि पेला आधी रिकामा करून. मुंग्यांची रांग तोडल्याशिवाय पिठ्या ढेकूण जात नाहीत, तेव्हा कुंडी पाणी भरलेल्या ताटलीत विटेवर ठेवा. त्या ताटलीतलं पाणीही पाचव्या दिवशी बदलायचं.

डिचोली_रोपं

झाडावर बांधण्याबद्दल कोणी लिहिलं नाही. गोव्यात एकमिया वाढवायची सगळ्यात निर्धोक जागा तीच. कितीही पाऊस पडो, मुळं उघड्यावर असल्यामुळे कुजत नाहीत.

आंबा, फणस, चिकू, चाफा चांगले. खरबरीत, टिकणारी साल हवी. पेरू आणि निलगिरी साल टाकतात, तिथे मुळं धरत नाहीत. पोफळ तांब्यामुळे बाद. माडावरही बांधू नका. एकमियाच्या पानांच्या कडांना काटे असतात आणि पाडेली (नारळ काढणारा) चढताना हात-पाय फाडून घेईल.

वेळ पहिल्या पावसानंतरची, जूनचा दुसरा पंधरवडा ते जुलै. झाड कुंडीतून काढून मुळं झटका, सोडणाचा तळहाताएवढा जुडगा मुळांखाली ठेवा, बेचक्यात बसवा आणि जुन्या नायलॉन मोज्याच्या पट्टीने आवळा. झाड अजिबात हललं नाही पाहिजे, कारण नवी मुळं घासून तुटतात. सहा ते आठ आठवड्यांत मुळं धरतात, चवथीच्या (गणेशचतुर्थीच्या) सुमारास बघा. पट्टी दिवाळीनंतर काढा.

लांब देठावर पिल्लं टाकणाऱ्या जाती, म्हणजे न्यूडिकॉलिस, ब्रॅक्टिएटा, फांदीवर आपल्या आपण पसरतात. फॅसिआटाची पिल्लं बुंध्यालाच चिकटून येतात, तिचा झुबका होतो.

हे बांडगूळ नव्हे. आंब्याच्या सालीत तिची मुळं शिरत नाहीत, रस घेत नाहीत. मात्र आपल्या परसातच बांधा. रानात, अभयारण्याच्या कडेला नेऊन लावू नका, तिची फळं पक्षी खातात आणि बी पसरू शकतं.

म्हापसा_गच्ची

ऑक्टोबरमध्ये पानांवर कोरडे पांढुरके चट्टे पडतात, मग ते तपकिरी होतात. बुरशी का?

पोरसूकार

बहुधा ऊन. चार महिने ढगाखाली वाढलेलं पान मऊ असतं, आणि पाऊस ओसरला की ऑक्टोबरचं ऊन एकदम अंगावर येतं. चट्टा पानाच्या वर आलेल्या बाकावर, दक्षिण-पश्चिमेकडच्या बाजूलाच असेल तर ऊनच. बुरशीचे डाग असे दिशा धरून येत नाहीत. शेडनेट पावसाळ्यात काढली असेल तर सप्टेंबरच्या शेवटालाच परत ताणा. ब्लांचेटियानालाही नव्या जागी उन्हात नेताना दोन-तीन आठवडे टप्प्याटप्प्याने न्या.

खताचं: १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारखं असलेलं विद्राव्य खत), लिटरला अर्धा ग्रॅम, तीन आठवड्यांतून एकदा, ऑक्टोबर ते मे. फॅसिआटाला मिश्रणावर आणि थोडं पानांवर, संध्याकाळी. एकमियाच्या बहुतेक जाती रात्री रंध्रं उघडतात. युरिया नको, शेणखत पेल्यात नको. पावसात खत वाहूनच जातं, तेव्हा थांबवा.

सत्तरी_नवी_बाग

फूल येऊन गेलं की झाड मरतं म्हणतात. आणि पिल्लं मोठी होऊनही वर्षानुवर्षं फुलत नाहीत. दोन्हीवर सांगाल का?

डिचोली_रोपं

एक रोप एकदाच फुलतं, हे खरं. फॅसिआटाची निळी-जांभळी बारीक फुलं दिवसभरात मिटतात, गुलाबी सहपत्रं मात्र कित्येक महिने टिकतात. नर्सरीतून फुलासकट आणलेलं झाड आयुष्याच्या शेवटच्या टप्प्यात असतं. तुरा सुकला की देठ तळातून कापा, आईरोप ठेवा. पुढचं वर्ष-दीड वर्ष ते पिल्लांना पोसतं.

पिल्लू आईच्या निम्म्या उंचीचं झालं की वेगळं करा. त्याआधी घाई केली तर मुळंच नसतात आणि पिल्लू आकसतं. धारदार सुरी स्पिरिटने पुसून आईच्या बुंध्याला लागून कापा, थोडा कठीण देठ पिल्लाला राहिला पाहिजे. जखम दोन दिवस सावलीत सुकवा, मग उथळ लावा. हातमोजे घाला, काट्यांसाठी आणि काहींना रसाने खाज सुटते त्यासाठीही. जानेवारी ते मार्च उत्तम काळ, भर पावसात कापलेली जखम सुकत नाही.

पिल्लू दोन-तीन वर्षांत फुलायला तयार होतं. तयार असूनही फुलत नसेल तर आधी उजेड वाढवा. त्यानंतर पिकलेल्या फळाचा उपाय: पेला पूर्ण रिकामा करा, कुंडीसकट मोठ्या पारदर्शक प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा, आत दोन पिकलेली केळी किंवा सफरचंदं, पिशवीचं तोंड बांधा. सावलीत ८ ते १० दिवस. फळातून निघणाऱ्या इथिलीनने फुलोरा सुरू होतो आणि साधारण दोन-तीन महिन्यांत दिसतो. पेल्यात पाणी राहिलं तर परिणाम कमी होतो. पिशवी उन्हात ठेवली तर झाड उकडून जातं. लहान रोपावर हे करू नका, तुरा किरकोळ येतो आणि पिल्लंही अशक्त निघतात.

सांगे_माड

अननसाला फुलवण्यासाठी इथेफॉन हे रसायन देतात ते एकमियाला चालेल का, असा प्रश्न येईलच, म्हणून लिहितो. अननसाची मात्रा २५ पीपीएम इथेफॉन, सोबत २ टक्के युरिया आणि ०.०४ टक्के कॅल्शियम कार्बोनेट, झाडाला ५० मिली गाभ्यात. ३९ टक्क्यांचं इथेफॉन १६ लिटरच्या पंपाला साधारण १ मिली पडतं. हा शेताचा हिशेब. त्यातला २ टक्के युरिया एकमियाच्या कोवळ्या गाभ्याला जाळू शकतो. चार-दहा कुंड्यांसाठी केळीच बरी. कार्बाइड तर हातातच धरू नका.

फोंड्याची_माळीण

शेवटची शंका. मधलं पान ओढलं तर हातात येतं आणि वास मारतो. आता वाचेल का?

काणकोण_कुळागर

तो गाभा गेला, पण बुंधा बघा. कुजलेली पानं निघतील तेवढी काढा, धारेने धुवा, कुंडी दोन दिवस आडवी करून पेला निथळू द्या. बुंधा दाबून कठीण लागला तर फोसेटाइल-ॲल्युमिनियम हे बुरशीनाशक लिटरला २ ग्रॅम, एकदा मिश्रणावर, आणि पंधरा दिवसांनी पुन्हा. डब्यावर 'कॉपर' लिहिलेलं काहीही नको. झाड छपराखाली, मिश्रण जवळजवळ कोरडं, पेल्यात पाणी नाही. दीड-दोन महिन्यांत कडेने हिरवी टोकं दिसू शकतात. बुंधा मऊ असेल आणि त्यातून पाणी सुटत असेल तर झाड मिश्रणासकट टाकून द्या, आणि ती कुंडी उकळत्या पाण्याने धुतल्याशिवाय दुसऱ्या एकमियाला वापरू नका.